'द जंगल बुक' : पुस्तकातील गाणी, पडद्यावरील गाणी आणि वैनगंगेचा प्रदेश

एखाद्या प्रसिद्ध पुस्तकावरून चित्रपट निघाला की त्याची चर्चा बहुधा एकाच वाक्यापाशी येऊन थांबते : मूळ पुस्तक यात उरले नाही. वॉल्ट डिस्ने यांच्या 'द जंगल बुक' या १९६७ च्या संगीतमय ॲनिमेशनपटाबद्दल हे वाक्य आजवर असंख्य वेळा उच्चारले गेले आहे. ते खरेही आहे. परंतु त्यातून फारसे काही हाती लागत नाही. कारण येथे पुस्तक अनवधानाने हरवलेले नाही, ते समजून-उमजून बाजूला ठेवलेले आहे. बिल पीट यांनी पुस्तकाच्या जवळ जाणारी, काहीशी गंभीर पटकथा तयार केली होती. ती डिस्नेंना रुचली नाही आणि पीट स्टुडिओ सोडून गेले. पुढे लॅरी क्लेमन्स यांच्या हाती पुस्तक देताना डिस्नेंनी पहिली सूचना दिली ती हे पुस्तक न वाचण्याची. डिसेंबर १९६६ मध्ये डिस्नेंचे निधन झाले आणि वोल्फगांग रायथरमन यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रदर्शित झाला. तेव्हा काय सुटले याची यादी करण्यापेक्षा, जे सुटले ते कोणाचे होते, हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे.

आदिलाबादसारख्या ठिकाणी हा प्रश्न विचारण्याला एक साधे भौगोलिक कारण आहे. मूळ कथांमध्ये मोगली ज्या नदीच्या काठाने वाढतो ती वैनगंगा. सिवनी जिल्ह्यात उगम पावून ती बालाघाट, भंडारा, गडचिरोली असा प्रवास करते, वर्धेला मिळते आणि दोघींची प्राणहिता होते. हा संगम तुम्मिडीहट्टीपाशी, म्हणजे २०१६ मध्ये चार जिल्ह्यांत विभागल्या गेलेल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या सीमेवर आहे. ज्या गोंडांचा उल्लेख त्या कथांत येतो त्यांचे भाईबंद उटनूर, नारनूर, जैनूर, आसिफाबाद या भागांत आजही आहेत. कथांतील प्राण्यांची नावे आहेत ती हिंदुस्थानीत, म्हणजे ज्या भाषेचे एक रूप या जिल्ह्यातील मोहल्ल्यांत घरोघर बोलले जाते त्या भाषेत. लंडन-न्यूयॉर्कच्या वाचकाला हे सर्व दूरदेशीचे व अद्भुत वाटले असेल. येथील विद्यार्थ्यासाठी ते नदीच्या वरच्या अंगाला घडलेले आहे.

रुडयार्ड किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत झाला. वडील जे. जे. कलाशाळेत अध्यापक होते. आया आणि घरातील नोकर यांच्या सहवासात त्याच्या कानी पडलेली पहिली भाषा इंग्रजी नव्हे, हिंदुस्थानी. १८८२ पासून सुमारे सात वर्षे त्याने लाहोर आणि अलाहाबाद येथे वृत्तपत्रांत काम केले. परंतु मोगलीच्या कथा त्याने लिहिल्या त्या अमेरिकेतील व्हरमाँट येथे, बहुतांशी स्वतः बांधलेल्या घरात; त्या घराचे नाव त्याने ठेवले होते 'नौलखा'. सिवनीचे जंगल त्याने पाहिलेले नव्हते. स्टर्नडेल या इंग्रज अधिकाऱ्याचे सिवनीवरील १८७७ चे पुस्तक त्याच्या उपयोगी पडले असे अभ्यासक मानतात. 'द जंगल बुक' १८९४ मध्ये आणि त्याचा दुसरा भाग १८९५ मध्ये प्रसिद्ध झाला. काटेकोर अर्थाने ही कादंबरी नव्हे. दोन्ही भागांतील पंधरा कथांपैकी आठ मोगलीच्या आहेत आणि त्या सलग वाचल्या तर कादंबरीसारखा परिणाम होतो, इतकेच.

आता गाण्यांकडे वळू. गंभीर कथेत गाणी घुसडून डिस्नेने तिचा तमाशा केला, असा एक आक्षेप घेतला जातो. हा आक्षेप घेणाऱ्याने पुस्तक उघडून पाहिले नसावे. किपलिंगच्या प्रत्येक कथेच्या आरंभी पद्य आहे आणि शेवटी एक स्वतंत्र गीत आहे. लांडग्यांच्या टोळीचे शिकारगीत आहे, माकडांचे वाटेवरचे गीत आहे, शेरखानाच्या कातड्यावर नाचत मोगलीने म्हटलेले गीत आहे, माणसांविरुद्धचे गीत आहे. भालू आपल्या शिष्याला जंगलचा कायदा शिकवतो तोही पद्यात, पाठ करायला सोपा जावा म्हणून. गद्यात कथा सांगायची आणि जेथे भाव किंवा नियम पक्का करायचा तेथे पद्यात यायचे, ही रीत आपल्याला मुळीच परकी नाही. संस्कृत चंपूत ती आहे, उर्दू दास्तानगोईत आहे, मराठी कीर्तनाच्या आख्यानात आहे. आदिलाबादच्या गोंडांमध्ये प्रधान समाजाचे गायक किकरी वाजवीत गोंड देवांच्या आणि वंशांच्या कथा सांगतात, तेथेही बोलणे आणि गाणे यांची अदलाबदल अशीच चालते. तेव्हा संगीतमय रूपांतर हा या पुस्तकावरचा अत्याचार नव्हे. उलट, सात-आठ दशकांनी कोणीतरी त्याला त्याच्या मूळ चालीवर नेले असे म्हणता आले असते.

'आले असते' म्हणण्याचे कारण असे की डिस्नेने गाण्याची जागा ठेवली आणि गाण्याचे काम बदलले. टेरी गिल्किसन यांनी आधी रचलेल्या गाण्यांपैकी केवळ एक ठेवण्यात आले. ते भालूचे, 'द बेअर नेसेसिटीज'. उरलेली पाच गाणी रॉबर्ट आणि रिचर्ड शर्मन या बंधूंची. किपलिंगच्या भालूचे पद्य म्हणजे धडा असतो. तो मास्तर आहे, प्रसंगी शिष्याला फटका देणारा, आणि बघीरा त्याबद्दल त्याच्याशी वाद घालतो. चित्रपटातील भालूचे गाणे म्हणजे सुट्टी. थोडक्यात भागवा, चिंता सोडा, अन्न आपोआप हाताशी येते, असा त्याचा आशय आहे. फिल हॅरिस यांच्या घोगऱ्या आवाजात ते कानाला फार गोड लागते, आणि त्याचा गोडवा नाकारण्यात अर्थ नाही. चित्रपट टिकला तो बऱ्याच अंशी या एका गाण्यावर. परंतु या अदलाबदलीत मास्तराचा मवाली झाला, आणि पुस्तकाचा कणा असलेली 'कायदा' ही कल्पनाच निघून गेली. अध्यापकांनी अध्यापकाच्या या पतनाकडे थोडे थांबून पाहायला हरकत नाही. पुस्तकात मोगलीला जंगलात टिकवते ती भालूची शिकवणी : प्रत्येक जातीच्या प्राण्याशी त्याच्या बोलीत 'तू आणि मी एकाच रक्ताचे' हे सांगता येणे. माकडांनी पळवून नेले तेव्हा मोगलीला वाचवते ते घारीच्या बोलीत उच्चारलेले हेच वाक्य. म्हणजे किपलिंगचा मोगली बहुभाषिक आहे आणि त्याचे प्राण भाषाशिक्षणाने वाचतात! तेलुगू, उर्दू, मराठी, गोंडी, कोलामी अशा भाषांच्या गर्दीत शिकवणाऱ्याला चित्रपटातून सर्वांत जास्त चुकल्यासारखे वाटावे ते हेच. पडद्यावर सगळे प्राणी एकच भाषा बोलतात, फक्त उच्चार निरनिराळे.

माकडांच्या प्रसंगात हा बदल अधिक गंभीर होतो. 'बंदर-लोग' हा शब्द किपलिंगने 'साहेब-लोग', 'बाबा-लोग' या छावणीतल्या प्रयोगांच्या धर्तीवर घेतला. 'लोग' या साध्या, बरोबरीच्या शब्दाला त्याने तुच्छतेची फोडणी दिली. या माकडांचा मुख्य दोष तो असा सांगतो की त्यांना कायदा नाही, स्मरण नाही आणि नायक नाही. चित्रपटाने नेमका नायक दिला, तोही राजा. किंग लुई हे पात्र पुस्तकात कोठेही नाही. तो ओरांगउटान आहे, आणि ओरांगउटान बोर्निओ-सुमात्रात आढळतो, भारतात नाही. २०१६ च्या नव्या चित्रपटात म्हणूनच लुईला लुप्त झालेल्या एका महाकाय वानराचे रूप द्यावे लागले. १९६७ च्या चित्रपटात तो जॅझच्या ठेक्यावर नाचतो आणि मोगलीकडे अग्नीचे रहस्य मागतो, कारण त्याला माणूस व्हायचे आहे. आवाज लुई प्रिमा या इटालियन वंशाच्या अमेरिकन गायकाचा असला तरी जॅझ हे कृष्णवर्णीयांचे संगीत आणि 'आम्हालाही तुमच्यासारखे व्हायचे आहे' हे वानराचे मागणे, या दोन गोष्टी नागरी हक्कांच्या चळवळीच्या त्या दशकात शेजारीशेजारी ठेवल्या गेल्या, याकडे अनेक समीक्षकांनी बोट दाखवले आहे. त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. मात्र एक गोष्ट बहुधा नजरेतून सुटते. किपलिंगची माकडेही निरागस नव्हती. बडबडी, अनुकरणप्रिय, मोठमोठ्या योजना आखून दुसऱ्या क्षणी विसरणारी ही जमात म्हणजे त्या काळच्या इंग्रजी शिकलेल्या हिंदी माणसावरचा टोमणा आहे, असे वाचन झालेले आहे आणि ते पटण्यासारखे आहे. अमेरिकेने एका वर्णद्वेषी विनोदाच्या जागी दुसरा ठेवला. चाल मात्र अप्रतिम निवडली, आणि धोका तेथेच आहे. पाय ठेका धरतात तेव्हा डोके विचारत नाही की हसणे कोणावर चालले आहे.

नावांचा मुद्दा उर्दू आणि मराठीच्या अध्यापकाला जास्त जवळचा. 'मोगली' या शब्दाला कोणत्याही भाषेत अर्थ नाही, तो आपण बनवला, असे किपलिंगने सांगितले आहे. पहिल्या अक्षराचा उच्चार तो 'माउ' असा करीत असे. चित्रपटाने 'मो' केला आणि तोच पुढे रूढ झाला. बाकीची नावे मात्र खरी आहेत. भालू, हाथी, अकेला, रक्षा, चील, इत्यादी. यांत सर्वांत सुंदर नाव आहे तबाकी या कोल्ह्याचे. 'तबाक' म्हणजे ताट, थाळी. उर्दूत 'तबाकी कुत्ता' म्हणजे ताटे चाटत हिंडणारा, बांडगूळ, आश्रित. शेरखानाच्या मागेमागे फिरून उष्टे खाणाऱ्या आणि चहाड्या करणाऱ्या प्राण्याला याहून नेमके नाव सापडणे कठीण. इंग्रजी वाचकाला किपलिंगने अर्थ सांगून ठेवला आहे, तरी शब्दाचा वास त्याच्यापर्यंत पोहोचणे शक्य नाही. चित्रपटाने तबाकीला पूर्ण वगळले. ज्या एका पात्राच्या नावावर फक्त उर्दू जाणणारा हसू शकला असता ते पात्रच गेले.

शेरखान मात्र राहिला, आणि त्याच्याविषयी मुस्लिम वाचकाच्या मनात एक अवघडलेपण असणे स्वाभाविक आहे. संपूर्ण जंगलात एकच प्राणी असा की ज्याच्या नावाला 'खान' जोडलेले आहे, आणि तोच खलनायक. हे सहज घडले काय? इतिहासात 'शेर खान' हा किताब फरीद खान नावाच्या अफगाण तरुणाला, बिहारच्या सुभेदाराकडून, वाघ मारल्याबद्दल मिळाल्याचे बखरकार सांगतात. हाच पुढे शेरशाह सूरी झाला. लाहोरला पाच वर्षे काढलेल्या पत्रकाराला हे ठाऊक नसेल असे मानणे अवघड आहे. वाघ मारणाऱ्याचा किताब त्याने वाघालाच दिला. शिवाय त्याला जन्मतः लंगडा केले आणि त्याच्या आईच्या तोंडी 'लंगडी' हे नाव घातले, नर वाघाला स्त्रीलिंगी नाव! हे किपलिंगच्या कच्च्या हिंदुस्थानीमुळे झाले की तुच्छता अधिक बोचरी करण्यासाठी, हे ठरवता येत नाही. पहिली शक्यता अधिक, असे वाटते. काही झाले तरी पुस्तकातील शेरखान म्हणजे किताब मोठा आणि कर्तृत्व गाईगुरांपुरते, अशी ऱ्हासाला लागलेल्या सरदारीची थट्टा आहे. पायाने अधू म्हणून तो गुरे मारतो, गुरे मारतो म्हणून गावकरी चिडतात आणि त्याचा ताप सगळ्या जंगलाला होतो, असा कार्यकारणभाव किपलिंगने नीट जुळवला आहे.

चित्रपटातील शेरखान लंगडत नाही. जॉर्ज सँडर्स यांच्या थंड, सभ्य, उच्चभ्रू इंग्रजी आवाजाने तो एक ब्रिटिश उमराव झाला आहे. म्हणजे हॉलिवूडने नाव मुसलमानी ठेवले आणि माणूस इंग्रज केला. हाथीचेही तसेच. पुस्तकातील हाथी मितभाषी, जंगलाचा सर्वांत ज्येष्ठ रहिवासी, 'भय कसे आले' ही उत्पत्तिकथा सांगणारा. चित्रपटात तो कर्नल हाथी होतो, जुन्या पराक्रमाच्या फुशारक्या मारीत कवायत घेणारा निवृत्त लष्करी साहेब. साम्राज्याचा कवी म्हणून ज्याची निंदा होते त्या किपलिंगने हत्तीला ऋषी केले, आणि साम्राज्य संपल्यावर कॅलिफोर्नियातील चित्रकारांनी त्याच हत्तीत साम्राज्याची नक्कल उतरवली. वासाहतिक लेखक आणि उत्तर-वासाहतिक रूपांतर असे सोपे कप्पे करणाऱ्यांनी या उदाहरणावर विचार करावा. (का या अजगराला मित्राचा शत्रू केल्याबद्दल बरेच लिहिले गेले आहे, त्याची पुनरुक्ती नको. गिधाडांबद्दल मात्र एक वाक्य : बीटल्ससारखे केस ठेवलेली ती चार गिधाडे पाहून हसणाऱ्या विद्यार्थ्यांना बेज्जूरच्या जंगलातील पालरापू कड्यावर लांब चोचीच्या गिधाडांनी घरटी केल्याचे सांगावे.)

भारतात शेरखान पुन्हा एकदा बदलला. निप्पॉन ॲनिमेशन या जपानी संस्थेने १९८९-९० मध्ये काढलेली ५२ भागांची मालिका दूरदर्शनने १९९३ च्या सुमारास हिंदीत दाखवली. गुलजार यांचे शीर्षकगीत आणि विशाल भारद्वाज यांची चाल त्या पिढीला अजून पाठ आहे. त्यात शेरखानाचा आवाज नाना पाटेकर यांचा होता, आणि २०१६ च्या जॉन फॅवरो यांच्या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीतही तोच ठेवण्यात आला. भालूला इरफान खान यांचा आणि बघीराला ओम पुरी यांचा आवाज मिळाला. या हिंदी रूपांत शेरखान ना अफगाण सरदार उरला, ना इंग्रज उमराव. नानांच्या तुटक, खर्जातल्या बोलण्याने तो मुंबईच्या चित्रपटातला दादा झाला. मुरुडच्या मराठी नटाने शेरखान व्हावे आणि 'खान' आडनावाच्या नटाने सर्वांच्या लाडक्या भालूचे बोल बोलावेत, या योगायोगात किपलिंगने पेरलेला काटा बराचसा बोथट झाला. मोगलीच्या भूमिकेचा इतिहासही असाच आहे. १९४२ मध्ये झोल्टान कोर्डा यांच्या चित्रपटात मोगली झालेला साबू दस्तगीर हा म्हैसूर संस्थानातील एका मुसलमान माहुताचा मुलगा होता. नावाचा अपमान कागदावर झाला तरी आवाज आणि देह यांनी तो परतवला, असे वाटते. वर्गात शेरखानाच्या नावाबद्दल प्रश्न आला तर तो टाळू नये. उत्तर लांबलचक असले तरी आहे.

जंगलाच्या चित्रणात मात्र अशी भरपाई कोठेच झालेली नाही. अल डेम्प्स्टर यांच्या देखरेखीखाली रंगवलेली पार्श्वभूमी देखणी आहे. ओलसर, दाट, बाराही महिने हिरवी, वेलींनी लगडलेली. वैनगंगा-प्राणहितेचे जंगल असे नसते. सागवान उन्हाळ्यात पानगळ करते, वाटा पिवळ्या पडतात, नाले आटतात. किपलिंगने सिवनी पाहिले नव्हते तरी त्याला हे माहीत होते. 'भय कसे आले' या कथेतल्या दुष्काळात मोहाला फूल येत नाही, आणि मोहफुलांचा लोभी भालू त्याने हवालदिल होतो. पाणी आटल्यावर हाथी जलसंधी पुकारतो : पाणवठ्यावर कोणी कोणाला मारायचे नाही. मोह न फुलण्याचा अर्थ काय हे उटनूरच्या कोणत्याही गोंड किंवा कोलाम घरात समजावून सांगावे लागत नाही. त्याऐवजी भालूच्या लोकप्रिय गाण्यात येतात फड्या निवडुंग आणि पपई, दोन्ही मूळची अमेरिकेची. अन्न आपोआप मिळते हे ज्या गाण्याचे सूत्र, त्यात मोहाला जागा असणार तरी कशी? मोह पहाटे उठून वेचावा लागतो.

वाघाचेही तसेच. कव्वालच्या जंगलाला २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. ताडोबा आणि टिपेश्वरचे वाघ पैनगंगा व प्राणहिता ओलांडून इकडे येतात. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यांत दोघांचा बळी गेला. पुस्तकाची सुरुवात लाकूडतोड्याच्या तळावर वाघाने घातलेल्या झडपेने होते. तेथूनच नुकते चालू लागलेले मूल लांडग्याच्या गुहेत येते. चित्रपटात फुटक्या होडीतील टोपलीत बाळ आहे, आणि आईबाप कोठे गेले हे कोणी विचारत नाही. ज्या कुटुंबाला वाघाने उधळून लावले ते लाकूड तोडणारे, म्हणजे जंगलावर पोट असणारे कुटुंब होते. कथेतील एकमेव गरीब घर पहिल्याच मिनिटाला गाळले गेले.

गोंडांचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. 'लेटिंग इन द जंगल' या कथेत गावकरी मेस्सुआ आणि तिच्या नवऱ्याला चेटकी ठरवून छळायला निघतात. मोगली त्या दोघांना सोडवतो आणि इंग्रज जेथे न्याय देतात त्या कान्हीवाड्याकडे रवाना करतो. न्याय इंग्रजांपाशीच मिळतो, ही किपलिंगची नेहमीची तिरकस भर. मग हाथी आणि त्याचे मुलगे गावाची शेते तुडवतात. देव कोपले का, हे विचारायला गावकरी जवळच्या गोंड टोळीच्या मुखियाला बोलावतात. तो येतो तो हाती धनुष्य, अंबाड्यात विषारी बाण खोवून, एका पायावर उभा. तो एक शब्द बोलत नाही. कारल्याचा रानवेल उचलतो, देवळाच्या दारावर आडवातिडवा गुंफतो, कान्हीवाड्याच्या वाटेकडे हाताने खूण करतो आणि जंगलात परत जातो. गाव उठणार, येथे वेल माजणार, एवढाच निरोप. किपलिंगने येथे गोंडांना या भूमीचे मूळ मालक म्हटले आहे. साम्राज्यवादी लेखकाच्या हातून हे लिहिले गेले याचे महत्त्व कमी लेखू नये. पण मालक मुका आहे, हेही खरे. 'द किंग्ज अँकस' या दुसऱ्या कथेतला गोंड शिकारी तर रत्नजडित अंकुशासाठी माणूस मारतो आणि स्वतः मारला जातो. त्याची ओळख होते ती केवळ पावलांच्या ठशांवरून.

चित्रपटात हा मुका गोंडही नाही. गाव उद्ध्वस्त करणारी कथाच घेतलेली नसल्याने त्याची गरज पडली नाही. जंगल आणि माणसाचे गाव एवढे दोनच पक्ष उरतात, आणि जंगलात राहणारा माणूस ही तिसरी शक्यता नाहीशी होते. जंगल एक तर जनावरांचे किंवा मग सोडून जाण्याचे ठिकाण, ही विभागणी पडद्यावर किती निरुपद्रवी दिसते! याच विभागणीवर राखीव जंगले आखली गेली आणि आदिलाबादच्या गोंडांना आपली शेते सोडावी लागली. १९४० मध्ये जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांच्या गोळीने मारला गेलेला कुमरम भीम ज्या हक्कासाठी लढत होता, तो जंगलातच राहण्याचा हक्क होता. त्या राज्याची दफ्तरी भाषा उर्दू होती, हे उर्दूच्या अभ्यासकांनी विसरू नये. पट्टा, चौकी, जुर्माना हे शब्द गोंडाच्या कानावर प्रथम आले ते जंगल आणि महसूल खात्याच्या तोंडून. पुढे हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने मार्लवाई येथे गोंडांसाठी अध्यापक प्रशिक्षण सुरू झाले, गोंडी वाचनमाला नागरी लिपीत निघाल्या. आणि आज गुंजाळा येथील हस्तलिखितांतून समोर आलेल्या गोंडी लिपीला २०१८ पासून युनिकोडमध्येही स्थान आहे. पडद्यावरचा आवाज तेवढा मिळायचा राहिला होता.

तो मिळाला, पण कसा? एस. एस. राजामौली यांच्या 'आरआरआर' या २०२२ च्या चित्रपटातील भीम जंगलात वाघाशी झुंजतो आणि पुढे पिंजऱ्यातले वन्य प्राणी गव्हर्नरच्या हवेलीवर सोडतो. हे दृश्य कुमरम भीमच्या चरित्रातले नाही. गावावर जंगल सोडणाऱ्या मोगलीचे ते सख्खे भावंड वाटते. हा भीम दिल्लीत 'अख्तर' या नावाने राहतो, त्याच्या डोक्यावरील टोपीवरून आदिलाबादेत नाराजी व्यक्त झाली. गोंड वीर मुसलमानाच्या वेषात सुरक्षित असतो, ही कल्पना मात्र त्या गोंगाटात कोणी नीट तपासली नाही. १९६८ च्या ऑस्करमध्ये भालूचे गाणे स्पर्धेत होते आणि हरले, तेही 'डॉक्टर डूलिटल' मधील प्राण्यांशी बोलण्याविषयीच्या गाण्यापुढे. २०२३ मध्ये ते पारितोषिक मिळाले 'आरआरआर' च्या गाण्याला, ज्यात पडद्यावर नाचणाऱ्या दोघांपैकी एकाचे नाव भीम आहे.

चित्रपटाच्या शेवटी पाणी भरायला आलेली एक मुलगी गाणे म्हणते आणि मोगली तिच्या मागोमाग गावात जातो. हा शेवट गोडगुलाबी म्हणून टाकाऊ ठरवला जातो. परंतु किपलिंगनेही मोगलीचे लग्न लावले आहे, 'इन द रुख' या १८९३ च्या कथेत, म्हणजे 'द जंगल बुक' च्याही आधी. 'रुख' हा पंजाबातला शब्द, अर्थ राखीव जंगल. त्या कथेत मोगली तरुण आहे. तो बांबूची बासरी वाजवतो आणि त्याचे भाऊ असलेले चार लांडगे मागच्या पायांवर उभे राहून तिच्या तालावर नाचतात. नाचणारी जनावरे ही डिस्नेची भर, असे म्हणणाऱ्यांनी हे पान वाचावे. ते नृत्य पाहायला शेजारी जी मुलगी बसलेली आहे ती गिसबोर्न या वनाधिकाऱ्याच्या खानसाम्याची, अब्दुल गफूरची लेक. तिच्याशी मोगलीचा संसार होतो. किपलिंगने तिला नाव दिलेले नाही. आणि मोगलीला मिळते वनखात्यातली नोकरी : वाघांची खबर द्यायची, वणवा लागला तर सांगायचे, महिन्याला पगार, म्हातारपणी पेन्शन. ज्या खात्याच्या चौक्यांशी भीम पुढे झगडला, त्याच प्रकारच्या खात्यात मोगली हजेरी लावतो. डिस्नेने त्याला गावाच्या वेशीवर सोडले आणि मागे भालू व बघीरा गाणे गुणगुणत जंगलाकडे वळतात.